मिरचीचा कोकडा आणि उसने घेतलेले जनुक

गोंदिया तालुक्यात कामठा नावाचे गाव आहे. (नागपूरजवळची कामठी ती वेगळी.) इतिहासाच्या शिक्षकांना हे नाव ओळखीचे असेल. 1818 साली येथील जमीनदार चिमणा पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. बाकीच्यांनी हा मुलूख ओळखायचा तो भातासाठी. पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे पाण्याने भरलेल्या बांध्या, आणि घरामागे छोटीशी बाडी. बांधीतले धान पोटासाठी, तर बाडीतली चार वांगी, भेंडी, वाल आणि मिरची रोजच्या कालवणासाठी.

अशाच एका बाडीत आम्ही उभे होतो. सोबत तिथल्या शाळेचे गुरुजी होते. मिरचीची वीसेक झाडे असतील. त्यांतली बहुतेक आक्रसून गेलेली. पाने बारीक, जाडसर, कडा वर मुडपलेल्या, शेंडा गोळा झालेला. फुले नाहीत, मग मिरच्या कुठल्या? घरच्या बाई म्हणाल्या, "कोकडा आला जी. दोनदा औषध मारलं, तरी जात नाही." विदर्भात ज्याला कोकडा म्हणतात त्याला इतर ठिकाणी चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात. नावे वेगळी, रडगाणे तेच.

पण कुंपणाच्या कोपऱ्यात एक झाड निराळे होते. उंच, झुडपासारखे वाढलेले, बोटाच्या पेराएवढ्या, आभाळाकडे तोंड केलेल्या मिरच्यांनी लगडलेले. पाने सरळ, हिरवीगार. "हे सासूबाईंच्या वेळचं बी. ह्याला कधी होत नाही," बाई सहज बोलून गेल्या.

ह्याला का होत नाही? परतताना गुरुजींनी हाच प्रश्न आम्हाला विचारला. उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून हा लेख. गेल्या सुमारे नव्वद वर्षांत जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी हाच प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना अनुवंशशास्त्रातले काही सुंदर धडे हाती आले आहेत.

पान का वळते?

आधी एक घोटाळा दूर करू. मिरचीचे पान वळले म्हणजे विषाणूच, असे नाही. फुलकिडे पानाचा रस खरवडून शोषतात तेव्हा पानाच्या कडा वर वळतात आणि पान होडीसारखे दिसते. डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळी लागले की कडा खाली वळतात, जणू होडी पालथी घातली आहे. या दोन्ही प्रकारांत किडीचा बंदोबस्त झाला की नवी पालवी बहुधा सरळ येते.

तिसरे कारण विषाणूचे. हा विषाणू पांढरी माशी नावाच्या इवल्याशा किडीच्या सोंडेतून झाडात उतरतो. त्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दोन-दोन चिकटलेले, जुळ्यांसारखे दिसतात, म्हणून या कुलाला जुळ्यांचे नाव मिळाले आहे: जेमिनी विषाणू. तो एकदा झाडात शिरला की बाहेर काढता येत नाही. फवारणीने माशी मरते, विषाणू नाही. माणसाच्या शरीरात विषाणू शिरला तर प्रतिपिंडे तयार होतात, पुढच्या खेपेसाठी आठवणही राहते. झाडाकडे प्रतिपिंडे नाहीत. त्याला लस टोचून आपल्यासारखी प्रतिकारशक्ती देता येत नाही. जी काही ढाल असेल ती बहुतांशी त्याच्या बियाण्यातच, म्हणजे जनुकांत असावी लागते.

म्हणून मिरचीच्या रोगाचा इतिहास हा शेवटी जनुकांच्या शोधाचा इतिहास आहे.

मिरची पाहुणी, रोग घरचा

मिरचीशिवाय आपला स्वयंपाक आज कल्पनेतही येत नाही. पण मिरची इथली नव्हे. ती दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. कोलंबसाच्या सफरीनंतर ती युरोपात पोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. तिखटपणासाठी तोवर आपण मिरी वापरत होतो. संस्कृतातल्या 'मरीच' वरून मिरी, आणि त्याच नावावरून ही नवी पाहुणी मिरची झाली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोघींचा काही संबंध नाही. मिरी ही वेल, तिचे कूळ निराळे. मिरची ही वांगी, टोमॅटो, बटाटा आणि तंबाखू यांची बहीण.

या प्रवासाला एक दुसरी बाजू आहे. जहाजातून आल्या त्या मूठभर बिया. मिरचीचे रानटी भाऊबंद मागे अमेरिकेतच राहिले. इकडे भारतात पानवळीचे जे जेमिनी विषाणू तिला भेटले ते जुन्या जगातले, म्हणजे आशिया-आफ्रिकेकडचे होते. ते अमेरिकेतून तिच्यासोबत आले नव्हते. पाहुणी परदेशची आणि रोग घरचा, अशी ही गाठ पडली.

पण इथल्या चारशे-साडेचारशे वर्षांत शेतकऱ्यांनी मिरचीचे असंख्य देशी प्रकार घडवले. विदर्भातली भिवापुरी हे त्यातलेच एक नाव. तिला आज भौगोलिक मानांकनही आहे. मिरचीचे फूल स्वतःच्या परागांनी फळते, पण मधमाश्यांमुळे शेजारच्या झाडाचे परागही त्यावर पडतात. त्यामुळे देशी वाण हा एकसारख्या झाडांचा संच नसतो, तो थोड्याफार वेगळ्या झाडांचा गोतावळा असतो. शंभर झाडांत एखादे झाड कोकड्यातून सुटते, ते शेतकऱ्याच्या नजरेत भरते, आणि त्याचे बी राखले जाते. कोणी शास्त्रज्ञ नसताना झालेली ही निवडच आहे.

होम्स यांचे ठिपके

आता या निवडीमागचे शास्त्र कसे उलगडले ते पाहू. त्यासाठी तंबाखूकडे वळावे लागेल, कारण विषाणू या गोष्टीचा शोधच मुळी तंबाखूच्या पानावर लागला. 1886 साली आडोल्फ मायर यांनी नेदरलँड्समध्ये दाखवले की रोगट तंबाखूचा रस निरोगी झाडाला लावला तर रोग पसरतो. 1892 मध्ये रशियात इव्हानोव्हस्की यांना आढळले की जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून रस गाळला तरी तो रोग देतोच. 1898 मध्ये बायजेरिंक यांनी हा जीवाणूंहून वेगळाच काही प्रकार आहे असे ठासून सांगितले. हाच तो तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू. तो मिरचीलाही लागतो.

अमेरिकेतले फ्रान्सिस होम्स हे या विषाणूवर काम करत होते. 1929 साली त्यांनी एक युक्ती शोधली. तंबाखूच्या एका जातभाईच्या पानावर विषाणूचा रस चोळला तर सगळे झाड आजारी पडत नाही. जिथे विषाणू शिरला तिथे फक्त एक मेलेला ठिपका उमटतो. ठिपके मोजा, म्हणजे रसात विषाणू किती ते कळते. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारी गोष्ट त्यांनी मोजून दाखवली.

मग त्यांनी मिरचीकडे मोर्चा वळवला. निरनिराळ्या मिरच्यांच्या पानांवर तोच रस चोळला. काही झाडे पूर्ण आजारी पडली. काहींमध्ये विषाणू अर्धवट अडला. आणि काहींमध्ये पानावर ठिपके पडले, ते पान गळून पडले आणि बाकीचे झाड निरोगी राहिले. हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. विषाणूला जगायला जिवंत पेशी लागते. जिथे तो शिरला तिथल्या मूठभर पेशी झाडाने स्वतःच मारून टाकल्या, तर विषाणूची वाट बंद होते. एका पानाचा बळी देऊन झाड वाचते.

होम्स यांनी या मिरच्यांचे संकर केले आणि पुढच्या पिढ्यांतली झाडे मोजली. मेंडेलने वाटाण्यात जे पाहिले तेच त्यांना दिसले. विषाणूला जागीच अडवण्याचा गुण एकाच जनुकाने ठरत होता, आणि तो प्रभावी होता. 1934 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या जनुकाला त्यांनी 'एल' हे नाव दिले. जागीच अडवणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते पहिले अक्षर. विषाणूचा कण नेमका कशाचा बनलेला असतो हेही तेव्हा ठाऊक नव्हते. वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक मिळवले ते त्यानंतर, 1935 साली.

वर्गात मेंडेल शिकवताना उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांच्या जोडीला हे उदाहरण जरूर घ्यावे. प्रतिकारक आणि रोगाला बळी पडणारी मिरची यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीतली सगळी झाडे प्रतिकारक निघतात. दुसऱ्या पिढीत दर चार झाडांत सरासरी तीन प्रतिकारक आणि एक बळी पडणारे. फरक इतकाच, की इथे आकडा चुकला तर शेतकऱ्याचा हंगाम बुडतो.

शिडीचा खेळ

प्रश्न सुटला, असे वाटले. एल जनुक असलेल्या मिरच्या लावल्या की झाले! पण विषाणूही बदलत असतो. तो दर घटकेला स्वतःच्या असंख्य नकला काढतो आणि त्यांत चुका होतात. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात. पण एखादी चूक त्याला नवी वाट दाखवते.

एल जनुक काय करते ते पुढे कळले. या जनुकापासून बनणारे प्रथिन हा एक पहारेकरी असतो. विषाणूच्या अंगावरचे प्रथिनाचे कवच तो ओळखतो आणि ओळख पटताच धोक्याची घंटा वाजवतो. पेशी मरते, ठिपका पडतो. कवचातला एखाद-दुसरा दुवा बदलला की पहारेकरी फसतो. चोराने टोपी बदलली एवढेच, पण ओळख चुकली!

मग सुरू झाला शिडीचा खेळ. होम्स यांना सापडलेल्या एल जनुकाच्या रूपांना पुढे एल-1 आणि एल-2 म्हटले गेले. त्यांना चुकवणारे विषाणू आले. तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या दुसऱ्या एका मिरचीच्या जातीत एल-3 सापडले, आणि एका रानटी जातीत एल-4. नेदरलँड्समधल्या बौकेमा यांनी 1980 नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की ही सगळी एकाच जागेवरच्या जनुकाची वेगवेगळी रूपे आहेत. त्याच दशकात एल-3 ला चुकवणारे विषाणू आढळले, आणि 2000 नंतरच्या दशकात जपान आणि इस्राएलमध्ये एल-4 लाही चुकवणारे निघाले. या विषाणूंची नावेच पाहा: पी-0, पी-1, पी-1.2, पी-1.2.3, आणि शेवटी पी-1.2.3.4. किती कुलपे फोडली त्याचा हिशेब चोराच्या नावातच!

यातला धडा असा की एकच प्रभावी जनुक ही मजबूत भिंत असते, पण तिला एकच दार असते.

परभणीची भेंडी

इथे थोडे मिरचीच्या शेजारच्या वाफ्यात जाऊ. कामठ्याच्या त्या बाडीत भेंडीही होती, आणि तिच्यावरही तीच पांढरी माशी बसत होती. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान केवड्यासारखे पिवळे होते, म्हणून शेतकरी त्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. हा रोगही जेमिनी विषाणूचाच. त्याच्याशी झालेल्या झुंजीचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला आहे.

1924 साली कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातून या रोगाची पहिली नोंद केली. 1940 मध्ये पुण्यात काम करणाऱ्या उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूमुळे होतो हे मांडले, आणि पुढे वर्मा यांनी पांढरी माशी व हा विषाणू यांचे नाते तपशिलाने अभ्यासले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालकडच्या एका भेंडीशी संकर करून 'पुसा सावनी' हा वाण काढला. 1960 च्या सुमारास तो शेतात आला आणि देशभर गाजला. पण यथावकाश त्याचीही पाने पिवळी पडू लागली.

आता काय करायचे? लागवडीच्या भेंडीत भरवशाची ताकद उरली नव्हती. परभणीला 1972 मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते (2013 पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते). तेथील एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीच्या भाऊबंदांकडे पाहिले. 'मॅनिहॉट' या जातीत केवड्याला दाद न देणारी झाडे होती. अडचण अशी की दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आलेली झाडे सहसा धड बी धरत नाहीत. शिवाय भाऊबंदाकडून एक चांगले जनुक घ्यायचे, तर त्यासोबत नको असलेले शेकडो गुणही येतात.

त्यांनी वापरलेली रीत जुनीच, पण चिकाटीची. संकरित झाडाचा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी संकर करायचा. त्यातून निघालेल्या झाडांत केवडा न होणारी निवडायची. पुन्हा भेंडीशी संकर, पुन्हा निवड. प्रत्येक फेरीत भाऊबंदाचा वाटा साधारण निम्मा होत जातो: अर्धा, पाव, अष्टमांश. आपण मात्र डोळ्यांत तेल घालून तेवढे एक जनुक हातचे जाऊ देत नाही. दुधात मिसळलेले पाणी काढून टाकताना त्यातला साखरेचा एक कण तेवढा राखण्यासारखेच हे काम. 1981 मध्ये त्यांनी दाखवले की या भाऊबंदातला प्रतिकार एकाच प्रभावी जनुकाने उतरतो. 1985 मध्ये 'परभणी क्रांती' हा वाण आला. पुसा सावनीला परभणीने दिलेले हे उसने जनुक वर्षानुवर्षे देशभरच्या भाजीबाजारात हिरवी भेंडी पोचवत राहिले.

मात्र कालांतराने अनेक ठिकाणी परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. याचा अर्थ काम वाया गेले असा नव्हे. शेतकऱ्यांना अनेक हंगाम मिळाले. पण भिंतीला एकच दार, हा धडा भेंडीनेही गिरवला.

न जुळणारी किल्ली

विषाणूला अडवण्याचा दुसराही एक मार्ग आहे, आणि तो शिकवायला फार छान आहे. त्यासाठी पुन्हा मिरचीकडे येऊ.

बटाट्याला लागणारा 'वाय' नावाचा विषाणू मिरचीलाही लागतो. तो माव्यामार्फत पसरतो. 1961 साली फ्लॉरिडातल्या कुक यांनी मिरचीच्या एका प्रसिद्ध वाणात या विषाणूला दाद न देणारे उत्परिवर्तन नोंदवले. पण हा गुण होम्स यांच्या जनुकाच्या उलट वागत होता. पहिल्या पिढीतली सगळी झाडे आजारी पडायची, आणि दुसऱ्या पिढीत चारांतले सरासरी एकच झाड वाचायचे. म्हणजे गुण अप्रभावी होता. पानावर ठिपकाही पडत नव्हता.

याचे कोडे सुटायला चाळीस वर्षे लागली. विषाणू हा पक्का परावलंबी. स्वतःची प्रथिने बनवण्याचे यंत्र त्याच्याकडे नाही. तो झाडाच्या पेशीतले यंत्र वापरतो. त्या यंत्राला संदेश पकडून देणारे एक प्रथिन पेशीत असते. विषाणूची किल्ली या प्रथिनाच्या कुलपात बसली तरच त्याचे काम चालते. 2002 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की प्रतिकारक मिरचीत याच प्रथिनाचे जनुक किंचित बदललेले असते. पेशीचे स्वतःचे काम चालते, पण विषाणूची किल्ली बसत नाही. इथे पहारेकरी नाही, घंटा नाही. कुलूपच वेगळे आहे.

आता हा गुण अप्रभावी का, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. प्रत्येक झाडात या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत बदललेली आणि एक जुनीच असेल, तर विषाणूला जुन्या प्रतीपासून बनलेले कुलूप मिळतेच. घराला दोन दारे असून एकाचेच कुलूप बदलले, तर चोर दुसऱ्या दाराने येणार. दोन्ही बदलली तरच घर सुरक्षित. प्रभावी आणि अप्रभावी हे शब्द पाठ करून घेण्याऐवजी असे समजावून सांगितले, तर ते कायमचे लक्षात राहतात.

पेरेनिअलची गोष्ट

हेही कुलूप विषाणू उघडायला शिकतो का? शिकतो. पण सगळीकडे सारख्याच सहजपणे नाही, आणि हे ज्या मिरचीने शिकवले ती भारतातली आहे.

'पेरेनिअल' हे तिचे नाव, म्हणजे बारमाही. बारीक फळांची, कोणाच्या डोळ्यांत न भरणारी मिरची. पण काकडीचा मोझॅक, तंबाखूचा मोझॅक, पानवळ, सगळ्यांपुढे ती बऱ्यापैकी टिकून राहते, असे पंजाबमधल्या शास्त्रज्ञांना दिसले. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने तिच्या संकरातून 'पंजाब लाल' हा वाण काढला. पुढे तिचे बी फ्रान्समध्ये गेले. तिथे जाड गराच्या, भाजीच्या ढोबळ्या मिरचीशी तिचा संकर झाला आणि त्या संततीचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी, की पेरेनिअलकडे वाय विषाणूविरुद्धचे ते बदललेले कुलूप तर आहेच. शिवाय लहानसहान मदत करणारी इतर जनुकेही आहेत. एक विषाणूला पेशीत सहज बस्तान बसवू देत नाही, दुसरे त्याची वाढ मंद करते. यांतले एकही जनुक एकट्याने झाडाला वाचवू शकत नाही.

दुसरी गोष्ट 2009 मध्ये पालुआ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. त्यांनी ते मुख्य जनुक दोन प्रकारच्या झाडांत पाहिले. काही झाडांत ते पेरेनिअलच्या मदतनीस जनुकांसोबत होते. काहींत ते उचलून ढोबळ्या मिरचीच्या अंगात, म्हणजे मदतनिसांशिवाय होते. दोन्हीकडे तोच विषाणू सोडला. एकट्या पडलेल्या जनुकाला विषाणूने वारंवार चुकवले. मदतनिसांच्या सोबतीत असलेल्या त्याच जनुकाला मात्र तो चुकवू शकला नाही. कारण उघड आहे. विषाणूची वाढच मंद असेल तर नकला कमी निघतात, नकला कमी तर चुका कमी, आणि चुका कमी तर नवी किल्ली सापडण्याची संधी कमी.

आमच्या मते या सगळ्या इतिहासाचे सार याच प्रयोगात आहे. होम्सपासून परभणीपर्यंत आपण एकेक बलवान जनुक शोधत आलो, आणि ते आवश्यकच होते. पण पहिलवान एकटा उभा केला तर आज ना उद्या पडतो. त्याच्या मागे गाव उभे असेल तर तो टिकतो. आणि हे गाव जुन्या, बारीक फळांच्या, बाजारात भाव न मिळणाऱ्या मिरच्यांत असते.

कोकड्याविरुद्धचा शोधही याच दिशेने गेला आहे. पुसा ज्वाला या लोकप्रिय वाणाचा, आभाळाकडे तोंड केलेल्या छोट्या मिरच्यांच्या एका प्रकाराशी संकर करून दिल्लीत 'पुसा सदाबहार' काढला गेला. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 307 प्रकारच्या मिरच्या तपासल्या, तेव्हा अवघ्या तीन पूर्णपणे लक्षणमुक्त राहिल्या. पुढे ईशान्य भारतातल्या जगप्रसिद्ध तिखट भूत जोलोकियातही हा प्रतिकार आढळला. 2014 मध्ये तो एका अप्रभावी जनुकामुळे येतो असे दाखवले गेले. 307 मध्ये तीन! त्या तीन मिरच्यांचे बी आधीच्या पिढीत कोणी टाकून दिले असते, तर?

बाडीतले ते झाड

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे. सासूबाईंच्या वेळच्या त्या झाडाला कोकडा का होत नाही?

खरे उत्तर असे की नुसते पाहून सांगता येणार नाही. तीन शक्यता आहेत. एक, ते झाड नुसते नशीबवान असेल; पांढरी माशी त्याच्यावर बसलीच नसेल. दोन, माशीला त्याची पाने आवडत नसतील. तीन, माशी बसते, विषाणूही शिरतो, पण झाडातली जनुके त्याला वाढू देत नाहीत. या तिन्हींत फरक करायचा तर प्रयोगच हवा, आणि त्याची पहिली पायरी शाळेतही करता येते.

त्या झाडाची काही फुले उमलण्याआधीच मलमलीच्या लहान पिशव्यांनी झाका, म्हणजे मधमाशी दुसऱ्या झाडाचे पराग आणणार नाही. पिशवीतली फळे पिकू द्या. ते बी पुढच्या हंगामात शाळेच्या बागेत लावा, आणि त्याच्या रोपांत एकाआड एक बाजारच्या मिरचीची रोपे लावा. बाजारच्या रोपांवर कोकडा आला आणि त्यांच्यामधली ही रोपे सरळ राहिली, तर नशिबाचा मुद्दा निकालात निघाला. दर आठवड्याला पानांखालच्या पांढऱ्या माश्या मोजा. दोन्हीकडे सारख्याच असतील तर नावडीचाही मुद्दा निकालात. मग उरते तिसरी शक्यता, आणि तेव्हा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा कृषी विद्यापीठाला बी दाखवायला जाण्याइतके काही आपल्या हाती आलेले असते. वहीत तारखा, झाडांची संख्या आणि पानांची चित्रे मात्र हवीत. आणि तीन रोपांवरून निष्कर्ष काढायचा नाही. जितकी जास्त रोपे, तितका भरवसा जास्त.

समजा उत्तर पहिलेच निघाले, झाड नुसते नशीबवान होते, तरी काही बिघडत नाही. मुलांना प्रयोग म्हणजे काय ते कळेल, आणि एका जुन्या मिरचीचे बी आणखी दहा घरांत जाईल.

निघताना आम्ही बाईंना विचारले होते, या मिरचीचे बी दरवर्षी राखता का? त्या म्हणाल्या, आता कोण राखतो, बाजारात पुडी मिळते. हे झाड आहे तोवर आहे. मिरचीचे झाड फार तर दोन-चार वर्षे जगते. शिक्षकमित्रहो, आपल्या गावातही असे एखादे झाड असेल. ते वाळण्याआधी त्याच्या चार मिरच्या मागून आणा.